कप्तान का अडखळत होता?

मी कप्तान बोलतोय. कळंबच्या किनाऱ्यावरचा तांबडा घोडा, साहेबाला वाळूत पाडणारा तो मीच. नाव झालं ते त्याच पराक्रमाने, म्हणून एकदा सगळी हकिकत माझ्या तोंडून ऐकाच.

माझी उमेदीची वर्षं माथेरानला गेली. तिथल्या दगडगोट्यांच्या वाटांवर नाल महिन्याभरात झिजून पातळ व्हायचे. मग जयराम नालबंद यायचा, जुने नाल उपटायचा, खूर तासायचा आणि नवे ठोकायचा. सगळ्या घोड्यांचं असंच असतं, अशी माझी समजूत होती.

१९९८ साली हिरामणने मला विकत घेतलं. कळंबला त्याची केळी-मोगऱ्याची वाडी. रविवारी किनाऱ्यावर विरारची माणसं लोटू लागली, तशी त्याला घोड्याची हौस आली. त्याची बायको सुभद्रा आधी कुरकुरली, पण रोज संध्याकाळी गूळ-चपाती घेऊन यायची ती तीच.

पहिले चार महिने चैनीचे गेले. वाळू म्हणजे गादीच. शिवाय माणसं पाहायला मिळत. घोड्यावर बसलेला माणूस आधी फोटो काढणाऱ्याकडे बघतो, मग लगामाकडे, आणि घोड्याकडे जमलं तर. असं का, ते मला अजून उलगडलेलं नाही.

मग मी अडखळू लागलो. पाय नेहमीसारखाच उचलायचो आणि तो कशाला तरी अडायचा. खाली बघावं तर दगड नाही, शिंपला नाही. मलाच नवल वाटे. हिरामणला वाटलं, मी आळशी झालो. अडखळलो की छडी बसायची. छडीच्या धाकाने मी मान ताठ वर करून चालू लागलो, मग समोरची जमीन दिसेना आणि जास्तच अडखळू लागलो. शेजारच्या मटिल्डाबाईंनी दृष्ट लागल्याचं निदान केलं, मिरच्या ओवाळून झाल्या. कुणी म्हणालं, याला दिसत नसेल. हिरामणने माझ्या डोळ्यांपुढे रुमाल हलवून पाहिला. मी डोळे मिचकावले. संशय फिटला, अडखळणं तसंच राहिलं.

एका रविवारी फुलपाड्याचे दिनानाथ माझ्यावर बसले. सरकारी नोकरी, भारदस्त अंग, आयुष्यातला पहिलाच घोडा. त्यांच्या पत्नीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेमके तेव्हाच माझे पुढचे गुडघे टेकले. दिनानाथ माझ्या मानेवरून थेट ओल्या वाळूत. हाड मोडलं नाही, चष्मा मात्र फुटला. मला लाज वाटली, अगदी मनापासून.

हिरामणने तिथेच ठरवलं. गोखिवऱ्याच्या पलीकडचा एक वीटभट्टीवाला मला ओझी वाहायला न्यायला तयार होता. सकाळी टेम्पो येणार होता. उद्या एखादं पोर पडून मेलं तर कोण जबाबदार, असं हिरामण म्हणत होता आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण इकडे येताना भट्टीवरचे घोडे मी पाहिले होते. त्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या.

घरी निघालो तेव्हा ओहोटी होती. हिरामण लगाम धरून पुढे, सुभद्रा मागून. ती अचानक थांबली.

"अहो, मागं बघा जरा."

मीही मान वळवली. स्वतःचे ठसे मी असे कधी निरखलेच नव्हते, ते नेहमी मागे राहून जातात. माझ्या पुढच्या पायांच्या प्रत्येक ठशाला चिकटून वाळूत एक लांब ओरखडा उमटला होता.

"खूर घासत चाललाय हा," सुभद्रा म्हणाली. "नाल कधी बदलले ह्याचे?"

"कशाला बदलायचे? वाळूत झिजलेच नाय. नवेकोरे हायत."

"नाल नाय झिजले. पण खूर वाढायचे थांबले काय?"

मोगऱ्याची छाटणी एक दिवसही न चुकवणाऱ्या त्या माणसाने खाली वाकून माझा पाय उचलला आणि बराच वेळ तो तसाच धरून उभा राहिला.

सकाळी आलेला टेम्पो त्याने रिकामा परत पाठवला. चौथ्या दिवशी माथेरानहून जयराम आला. नाल काढून त्याने खुराचं केवढं तरी वाढलेलं टोक तासलं, तेच वाळूत अडत होतं. नाल झिजोत न झिजोत, दीड महिन्याने काढायचेच, असं त्याने बजावलं. त्या संध्याकाळी मी चाललो तेव्हा वाळूत नुसते गोल ठसे उमटले. मात्र कुणी हात उचलला की माझी मान आपोआप वर जायची, ती खोड जायला वर्ष लागलं.

या सगळ्याला आता दहा वर्षं झाली. पाठीवर कुणी बसत नाही, वाडीतल्या सावलीत उभा असतो. जयरामही थकला, म्हणून हिरामण स्वतःच कानस चालवायला शिकला. माझा पाय गुडघ्यांत धरून तो वाकतो, तेव्हा त्याची सगळी पाठ माझ्या दातांपुढे असते. चावायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही, पण चावावंसं कधी वाटलं नाही.

तुमच्याकडे कुणी चालता चालता अडखळत असेल, तर छडी शोधण्याआधी त्याचा पाय उचलून बघा, एवढं माझ्यासाठी करा.

परवा कानस चालवता चालवता हिरामणचा हात थांबला. माझ्या खांद्यावरचा छडीचा जुना वण त्याला दिसला असावा. "जाम मारलं रे तुला," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. मग त्याने दुसरा पाय मागितला. मी दिला.