एका बाजूनं झिजलेला रुपया

"ह्याले काही मोल नाही, बाई." संघपालनं भिंग खाली ठेवलं. "चांदीच्या भावात जाईन फक्त."

"काहून? मोबाइलवर तर लाख-लाख सांगून राहिले राणीछाप रुपयाचे!"

"मोबाइलवाला इकत घेते काय? मंग त्यालेच द्या."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून संघपाल जठारपेठेत पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसे. लोक जुनी नाणी दाखवायला आणत आणि तो बहुतेकांची हवा पाच मिनिटांत काढून टाकी. त्याला वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर बरीच वर्षं त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं.

पण चंदाबाईंनी आणलेलं हे नाणं त्याला उमगेना. खिशात फिरलेला रुपया दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो. पूजेतल्या रुपयाच्या अक्षरांत कुंकू बसतं, माळेतल्यावर कडी जोडताना दिलेला डाग दिसतो. इथं सालाची बाजू ठसठशीत होती, कडाही शाबूत. राणीचा चेहरा तेवढा पार पुसून गेला होता.

"एकाच बाजूनं कसा झिजला हा?"

"आमच्या सासूचा व्हय तो. केशरबाई. अचलपूरले सुईण होती ना. लेकराची बेंबी फुगली का हाच रुपया ठेवून वरून फडकं बांधे. राणीचं तोंड बेंबीवर. दर टायमाले तेवढीच बाजू राखेनं घासे. मागच्या महिन्यात गेली बिचारी."

संघपालनं नाणं उलटं केलं. मग पुन्हा सुलटं केलं.

चोवीस वर्षांपूर्वी तो अचलपूरच्या पोस्टात होता. केशरबाईनं त्याच्या तान्ह्या लेकीच्या, पिंकीच्या पोटावर हाच रुपया बांधला होता. पिंकी एकोणीस दिवसांची होऊन तापानं गेली. झबली त्याच्या बायकोनं, दीपमालानं कुणाकुणाला देऊन टाकली, फोटो काढायचा राहूनच गेला, रुपया केशरबाई परत घेऊन गेली. त्यानंतर नवराबायकोनं घरात लेकीचं नावही काढलं नाही. तिच्या अंगाला लागलेली एकच वस्तू उरली होती आणि ती आता त्याच्या हातात होती.

"मले देता काय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मोल नाही म्हनता, मंग तुमाले कायले पाहिजे?" चंदाबाई हसल्या. "राहू द्या आता. आठ दिवसाखाली नातू झाला. त्याची बी बेंबी वर आली हाय. डॉक्टर म्हनते आपोआप बसते, पन मन आयकत नाही."

दुप्पट भाव सांगावा, असं त्याला वाटलं. साल दुर्मिळ आहे म्हणावं, एवढं एक खोटं पुरलं असतं. इतक्या वर्षांनी त्याला काहीतरी हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं.

"घेऊन जा," तो म्हणाला.

चंदाबाईंनी हात पुढे केला. पण संघपाल नाणं दोन्ही तळव्यांत दाबून तसाच बसून राहिला. मागं पुतण्याचं मशीन कुणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स काढत होतं.

"काय करून राहिले, भाऊ?"

"थंडा ठेवू नका लेकराच्या पोटावर. दचकते. पहिले हातात गरम करा लागते."

चंदाबाईंचा हात तसाच थांबला. रुपया बांधताना त्यांची सासू घरोघरी हेच सांगायची.

"तुमच्या घरी कोन होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोरगी," संघपाल म्हणाला, आणि गरम झालेला रुपया त्यांच्या हातावर ठेवला.