आतून फाटलेली टाकी

मित्रांनो, मी पेट्रोलची एक जुनी टाकी आहे. वयाने नव्हे, मला घडवून दोन वर्षेही झालेली नाहीत. पण जिचा उपयोग संपला ती वस्तू जुनीच म्हणायची. रे रोडच्या एका भंगारवाल्याच्या वखारीत मी आडवी पडले आहे. माझ्या कुशीला वीतभर चीर आहे. ती पाहून लोक मला घडवणाऱ्याला नावे ठेवतात.

मला घडवले संघर्षने. काळाचौकीच्या चाळीत राहणारा हा माणूस ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये पटाईत होता. राजेश नावाच्या धनिकाने आपले छोटे विमान मस्कतच्या एका गिऱ्हाइकाला विकले होते. विमानाच्या पंखांतले पेट्रोल साडेपाच तास पुरायचे आणि मस्कत होते आठ तासांवर. मध्ये टेकायला जमीन नाही, नुसते पाणी. म्हणून मागच्या सीटा काढून तिथे एक जादा टाकी बसवायचे ठरले. ती मी.

संघर्षने माझ्यावर अकरा दिवस घालवले. मला पाण्याने भरून दोन दिवस ठेवले आणि दर तासाला प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला. कागद एकदाही ओला झाला नाही. मग त्याने माझ्या माथ्यावरून एक नळी काढून विमानाच्या पोटाखाली बाहेर सोडली. ती माझी श्वासाची नळी. टाकीतून जितके पेट्रोल जाते, तितकी हवा आत यावी लागते. नाहीतर पेट्रोल अडते.

विमान नेणार होती मेघना. गिरगावातली, तिशीतली वैमानिक. तिने मला टिचकी मारून पाहिली.

"दादा, माझ्या पाठीशी दोनशे लिटर पेट्रोल घेऊन बसायचंय. गळणार नाही ना?"

"टाकीचं माझ्यावर सोडा, मॅडम. तुम्ही फक्त उडायच्या आधी खाली वाकून नळीचं तोंड मोकळं आहे का बघा. बाकी काय नाय."

पण उड्डाणाच्या आदल्या दिवशी राजेशला विमान चकचकीत हवे झाले. रंग आत जाऊ नये म्हणून रंगाऱ्यांनी नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली, वरून पांढरा रंग मारला आणि राजेशच्या घाईपायी पट्टी तशीच राहिली. सकाळी मेघना वाकली. तिला पांढरी नळी दिसली. तिने बोट लावून पाहिले नाही.

अडीच तास विमान पंखांतल्या पेट्रोलवर उडाले. मग तिने माझा पेट्रोलचा कॉक उघडला. सुरुवातीला मी आनंदाने पेट्रोल दिले. हळूहळू माझा श्वास कोंडू लागला. माझ्या चारी भिंती आत खेचल्या गेल्या, पत्रा कडकडला, पण सांधा एकही सुटला नाही. अर्ध्या तासात माझ्यातून थेंबही येईना. मेघनाने विमान परत वळवले. पंखांत जेमतेम परतीपुरते पेट्रोल होते आणि वारा समोरून होता. किनाऱ्यावरच्या इमारती दिसू लागल्या तेव्हा इंजिन बंद पडले. विमान पाण्यावर आपटले. कोळ्यांनी तिला बाहेर काढले. ती वाचली, पण तिचे पाय कायमचे गेले.

उथळ पाण्यातून विमान काढून हँगरमध्ये आणले. मी चेपलेली होते, आणि ते चेपणेच संघर्षचा पुरावा होते. गळकी टाकी कशाला आत खेचली जाईल? चिरेतून तिला हवा मिळालीच असती. राजेशला हे कळले. त्याने नळीचे तोंड चाचपले, नखाने पट्टी सोलली आणि खिशात टाकली.

चौकशीचे अधिकारी दुसऱ्या दिवशी यायचे होते. राजेशने मेकॅनिकला नळीतून कॉम्प्रेसरने हवा भरायला सांगितले.

"साहेब, फाटेल ती," मेकॅनिक म्हणाला.

"मग फाटू दे ना!"

माझ्या पोटात हवा घुसली. चेपलेल्या भिंती धाडकन बाहेर आल्या. मला वाटले, आता हे लोक थांबतील. थांबले नाहीत. संघर्षने जपून जोडलेला सांधा फाटला तेव्हा राजेश हसला.

अधिकाऱ्यांनी न चेपलेली, सरळ भिंतींची टाकी आणि तिच्यावरची चीर पाहिली, आणि पेट्रोल गळून गेले असे ठरवले. राजेशने संघर्षला सगळ्यांसमोर बोलावले.

"बघ तुझी कारागिरी! एका बाईला लंगडी करून ठेवलीस. परत हातात वेल्डिंगची गन धरलीस तर बोटं मोडीन."

संघर्ष सांगत राहिला, "साहेब, पेट्रोल गळलं असतं तर विमानात वास सुटला असता, मॅडमना विचारा." कोणी लिहून घेतले नाही. त्याचे वेल्डिंगचे काम गेले. आता तो रे रोडजवळच्या दारूखाना भागात भंगार उचलतो.

मला हँगरमधून न्यायला वखारवाल्याने त्यालाच पाठवले. त्याच दिवशी मेघना चाकांच्या खुर्चीतून आपले सामान न्यायला आली होती. संघर्षने मला तिच्यापुढे टेकवले.

"मॅडम, हात लावा. कडा बघा, बाहेर वळल्यात. कोणीतरी आतून हवा मारलीय. नळी बंद होती, म्हणून पेट्रोल अडलं."

तिने चिरेवरून बोट फिरवले. ती वैमानिक होती. तिला क्षणात कळले. नळी बंद होती म्हणजे काय, हेही कळले. त्या सकाळी वाकून कोणी पाहिले होते?

बोट काढून घेत ती म्हणाली, "तुमचा सांधा गळला, असं मी लिहून दिलंय, दादा. सही झालीय."

"मग आता खरं लिहा."

मेघनाने खुर्ची दाराकडे वळवली. संघर्षने मला पाठीवर घेतले. त्याची मान माझ्या चिरेला टेकली होती आणि माझी धार त्या मानेला कापत होती. मला बाजूला होता येईना.

मित्रांनो, पत्र्याला तोंड नसते. बोलायचे ते माणसांनीच. कधी एखादी फाटलेली वस्तू तुमच्यासमोर आली, तर कारागिराला शिवी देण्याआधी तिच्या कडांवरून एकदा बोट फिरवा. आणि बोटाला खरे लागले, तर गप्प बसू नका.