हेमीचा चेहरा

आश्विनाचं ऊन साताऱ्यावर उतरलं होतं. निवळ, कोवळं, सुवर्णस्निग्ध. अजिंक्यतारा त्या प्रकाशात न्हात होता, रस्त्याकडेचा झेंडू केशरकांतीने पेटला होता. आणि अनसूयेला यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिला दिसत होता एक हात.

हेमीचा, धाकट्या बहिणीचा. लग्न होऊन जेमतेम आठवडा, कोपरापर्यंत हिरवा चुडा. धरणाच्या फुगवट्यात होडी कलंडली, अनसूयेने तो हात धरला, काच कचकन फुटली, हात निसटला.

सहा वर्षं झाली. सहा वर्षं तोच हात! हसरी हेमी, रुसकी हेमी, बडबडी हेमी कुठे गेली? फोटो पाहावा, डोळे मिटावेत, की पुन्हा हात. सख्ख्या बहिणीचा चेहरा आठवू नये, याहून वाईट ते काय!

कुणीतरी सांगितलं, डोळ्यांच्या हालचालींचे उपचार असतात. मनात ती आठवण धरायची आणि समोरच्या फिरत्या बोटामागे नजर न्यायची. अनसूया आशेने गेली. पहिले गृहस्थ भलतेच घाईचे. नाव सांगून होतंय तोच म्हणाले, "हं, बुडतानाचं सांगा." अहो, आधी बसा तरी म्हणाल की नाही! दुसऱ्या बाई मृदुभाषिणी. पण त्यांनी बोट हलवलं आणि मनगटात काचेच्या बांगड्या किणकिणल्या. अनसूया चपला हातात घेऊन पळाली.

तिसऱ्या कदमताई. दोन भेटी त्यांनी बोट उचललंच नाही, नुसतं ऐकलं. चुड्याचं ऐकलं, आणि स्वतःच्या बांगड्या उतरवून खणात ठेवल्या.

सवाष्णीचे उघडे हात! अनसूया कळवळली. "अहो ताई, हे काय भलतंच?"

"असू दे गं. आमच्या ह्यांना काही होत नाही."

अनसूया ढसाढसा रडली. अशीच कुणीतरी हवी होती तिला.

मग बोट फिरलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. हात आला, काच आली, काळंशार पाणी आलं. "श्वास घे," ताई म्हणत, आणि पुन्हा डावीकडे, उजवीकडे. कार्तिक सरला, मार्गशीर्ष सरला. हात येतच राहिला, पण दर मंगळवारी थोडा दुरून.

पौषातल्या एका धुकेधूसर सकाळी पाणी ओसरलं. हात राहिला, हाताला खांदा आला, खांद्यावर वेणी आली. आणि आली दहा वर्षांची हेमी, ओंजळभर जांभळं खाऊन, रंगलेली जीभ काढून वेडावत.

"अगं द्वाडे," अनसूया मोठ्याने म्हणाली, "होतीस कुठे इतके दिवस?"

ताईंचं बोट केव्हाच थांबलं होतं. अनसूयेची नजर मात्र हलेना. समोर हेमी होती, जांभळी जीभ काढून, हसत, हसत, हसत.