दोन खोक्यांचं गाणं

"हा शंभर वॅटचा," शालिग्रामने सांगितलं आणि आवाजाचं बटण निम्म्यापर्यंत फिरवलं. शोकेसच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरून चाललेला केळीवाला हातगाडी थांबवून आत डोकावला. अँप्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर लाल-हिरव्या दिव्यांची रांग गाण्याबरोबर उसळत होती आणि पुन्हा खाली बसत होती.

सुकदेव त्या दिव्यांकडे टक लावून पाहत होता. प्रमिलाबाईने पदर कानाशी धरला.

"कमी करा, भाऊ," ती म्हणाली. "छातीमा धडधड व्हस."

शालिग्रामने आवाज उतरवला. जळगावच्या नव्या पेठेत त्याचं हे दुकान चिंचोळं होतं. पुढे विक्रीचा माल, मागे पडद्याआड दुरुस्तीचं टेबल. गिऱ्हाईक घाईचं नाही हे त्याने ओळखलं होतं.

"याना दिवा चांगला शेत," सुकदेव म्हणाला.

"दिवास्नं काय काम? आपले गानं ऐकनं शे," प्रमिलाबाई म्हणाली.

सुकदेवने वाकून त्या दिव्यांच्या पट्टीवरून बोट फिरवलं. प्रमिलाबाईला नवल वाटलं. जन्मात कधी रंगीत सदरा न घातलेला हा माणूस, लग्नाच्या वरातीतल्या बत्त्यांनाही तोंड वाकडं करणारा, आज लाल-हिरव्या दिव्यांवर कसा भुलला?

नवल तर सकाळपासूनच चाललं होतं. लताला, म्हणजे मुलीला, भेटायला म्हणून दोघं धुळ्याहून पहिल्या गाडीने निघाले होते. पारोळा, एरंडोल मागे टाकून जळगावच्या स्टँडवर उतरल्यावर सुकदेव मुलीच्या घराच्या उलट दिशेला वळला. "एक काम शे," एवढंच म्हणाला. दुकानात शिरल्यावर त्याने शालिग्रामला सांगितलं, घरात लावायला अँप्लिफायर पाहिजे, कॅसेटचा डेक पाहिजे आणि स्पीकर दोन. तेव्हा कुठे प्रमिलाबाईला कळलं.

सुकदेव धुळ्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. तरुणपणी लागला आणि मागच्या दिवाळीला रिटायर झाला. फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या. लग्नानंतर प्रमिलाबाई तिथेच नांदायला आली. कपाशीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं दिवसरात्र चालायची. भांडी मांडणीवर आपोआप सरकायची. भाकरी हवी की नको, हेही हाताच्या खुणेने विचारावं लागायचं. रुईचे तंतू सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, डाळीच्या पातेल्यात. माहेरी कानबाईच्या जागरणाच्या रात्री गाणी उचलायला सगळ्या बायका जिच्याकडे पाहायच्या, त्या प्रमिलाला आपलाच आवाज ऐकू येईना. तिने गुणगुणणं सोडलं नव्हतं, पण ते कुणाच्या कानी पडत नव्हतं. तिच्याही नाही.

होळीच्या सुमाराला हंगाम संपला आणि एका दुपारी यंत्रं थांबली. सुकदेव हात धुऊन घरी आला. प्रमिला पाठमोरी बसून ज्वारी निवडत होती आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचं एक गाणं म्हणत होती. यंत्रं थांबली म्हणजे आता आपला आवाज ऐकू जातो, हे तिच्या ध्यानात आलेलं नव्हतं. लग्नाला इतके महिने झाले होते आणि आपल्या बायकोचा गळा सुकदेव पहिल्यांदा ऐकत होता. पायताण हातात घेऊन तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. शेजारच्या पुनाने येऊन खांद्यावर थाप मारली तेव्हा गाणं तुटलं, आणि त्या दिवशी सुकदेव पुनाशी धड बोलला नाही.

ही गोष्ट त्याने बायकोला कधी सांगितली नाही. सांगण्याची त्याची रीतच नव्हती. मात्र दरवर्षी हंगाम संपला की काहीतरी निमित्त काढून तो दुपारचा घरी यायचा.

रिटायर झाल्यावर दोघं धुळ्यातच, देवपुरातल्या दोन खोल्यांत राहायला गेले. तिथे शांत होतं. आता निवांत बोलता येईल, असं प्रमिलाबाईला वाटलं होतं. झालं उलटंच. स्टोव्हजवळ बसून ती काही सांगायची, आणि ताटावर बसलेला सुकदेव खाली मान घालून जेवत राहायचा. "शेजारनी सुंदरबाईनी सून उनी व्हती," ती म्हणायची. उत्तर नाही. "लताले आते बरं वाटस." उत्तर नाही. मध्येच कधी मान हलवायचा, तीही भलत्याच ठिकाणी. बायका म्हणायच्या, काम सुटलं की पुरुष असाच होतो. प्रमिलाबाईने मनाशी वेगळाच अर्थ लावला: या माणसाला आता आपलं बोलणं नको झालंय. मग तिने सांगणं कमी केलं. जेवणं मुकाट्याने व्हायला लागली.

आणि अशा माणसाने तिला गाणी ऐकायला अँप्लिफायर घ्यायला जळगावला आणलं होतं.

"तो धाकला दखाडा ना, भाऊ," प्रमिलाबाईने वरच्या फळीकडे बोट केलं.

शालिग्रामने तो खाली काढला. वहीच्या दोन गठ्ठ्यांएवढा डबा, काळा पत्रा, पुढे चार बटणं आणि चालू-बंद दाखवणारा एक बारीक लाल ठिपका. "हा मी इथेच बांधलाय, अक्का. दिसायला काही नाही. पण दोन खोल्यांच्या घराला पंधरा-पंधरा वॅट पुष्कळ झाले. मोठा घेतलात तर आवाज दाबूनच ठेवावा लागेल."

त्याने वायरी बदलल्या आणि तीच कॅसेट पुन्हा लावली. एका बाईच्या आवाजातलं भजन होतं. या वेळी काचा हलल्या नाहीत. प्रमिलाबाईने कानावरचा पदर सोडला. स्पीकरच्या एका खोक्यातून टाळ येत होते, दुसऱ्यातून पेटी, आणि गाणारी बाई मात्र दोन्हींच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं तिथे, बसल्यासारखी वाटत होती. प्रमिलाबाईने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि ती हसली.

"अठे कोनी नही, आन ती अठेच बशेल शे," ती म्हणाली.

"यालाच स्टिरिओ म्हणतात, अक्का," शालिग्राम खूश झाला. "आता नाना, तुम्ही बघा. हे बॅलन्सचं बटण. डावीकडे फिरवलं की आवाज डाव्या खोक्यात, उजवीकडे फिरवलं की उजव्या." त्याने बटण सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. "कळला फरक?"

"हा. कळना," सुकदेव म्हणाला.

प्रमिलाबाई त्याच्याकडे पाहत होती. आवाज सरकला तशी तिची स्वतःची मान सरकली होती. सुकदेवची मान हलली नव्हती. त्याचे डोळे शालिग्रामच्या बोटांवर होते.

शालिग्रामच्या काही लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकाला गंमत दाखवावी तशी त्याने बटणापुढे तळहाताचा आडोसा धरला आणि ते फिरवलं. "आता सांगा, कुठून येतोय?"

सुकदेवने दोन्ही खोक्यांकडे पाहिलं. "डावीकून."

आवाज उजवीकडून येत होता.

शालिग्रामने पुन्हा फिरवलं. "आणि आता?"

"उजवीकून," सुकदेव म्हणाला, आणि तेही चुकलं. समोरच्याचा चेहरा पाहून ते त्याला समजलं असावं. त्याने टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

दुकानात नुसतं गाणं चालू राहिलं. प्रमिलाबाईच्या डोळ्यांपुढे देवपुरातली खोली उभी राहिली. भिंतीला टेकून बसलेला सुकदेव, आणि त्याच्या उजव्या हाताला स्टोव्ह. स्टोव्हपाशी ती.

शालिग्राम भला माणूस होता. काउंटरवरून वाकून त्याने हळू आवाजात म्हटलं, "नाना, राग मानू नका. एका कानाने ऐकणाऱ्याला दोन खोक्यांचा काही उपयोग नसतो. एकच स्पीकर घ्या, साधा. तुम्हाला तेवढंच ऐकू येईल."

हळू बोललेलं सुकदेवला ऐकू गेलं नाही. त्याने डावा कान पुढे केला. शालिग्रामला तेच पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, आणि रस्त्यावरच्या केळीवाल्यानेही ते ऐकलं.

"माले कोठे ऐकनं शे," सुकदेव म्हणाला. "ऐकनारी ती शे. तिना दोन्ही कान चांगला शेत."

मग तो प्रमिलाबाईकडे वळला. "कोनता लेऊ, सांग."

तिने त्या मोठ्या अँप्लिफायरकडे पाहिलं. दिव्यांची पट्टी आता काळी पडली होती. "तुमले तो दिवावाला आवडना ना? तोच लेऊ."

"का?"

"आवाज कमी ठेवसू."

सुकदेवने मान हलवली. "वाजी राहिना का बंद पडना, ते दिसतं, म्हनीसन म्हनत व्हतू. पन गानं दखाले नही लेतस, ऐकाले लेतस. धाकलाच बांधा, भाऊ."

शालिग्रामने खोकी पुठ्ठ्यात बांधली. सुतळीला हाताशी धरायला जाड कडं करून दिलं, आणि वायरी कुठे जोडायच्या हे दोघांना दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवताना तो सुकदेवच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

मुलीकडे जायच्या आधी दोघं एका हॉटेलात चहाला बसले. खोकी पायांशी ठेवली. प्रमिलाबाई आधी सवयीने उजवीकडे बसली होती. मग उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसली.

"कधीपाईन?" तिने विचारलं.

"दोन वरीस व्हई गयात. उजवा पुरा गया. डावाबी जाई, असं डॉक्टर सांगस. यंत्रना आवाजमा आखी जिंदगी गयी, दुसरं काय व्हई?"

"माले का सांगं नही?"

"सांगीसन काय व्हतं? तू मोठ्यानी बोलाले लागती." त्याने बशीत चहा ओतला. "खोलीवर व्हतूत तवय आपन आरडी आरडीसनच बोलेल शेतस. आते तरी तुले शांत बोलू द्यावं म्हनं."

प्रमिलाबाई बशीकडे पाहत राहिली. न ऐकलेलं किती बोलणं त्या स्टोव्हपाशी सांडलं होतं, आणि त्यावर तिने मनात काय काय रचलं होतं! तिला त्याचा राग आला, आणि राग टिकला नाही.

"माले वाटे, तुमले मन्हं बोलनं नको व्हई गयं," ती म्हणाली.

हे त्याने ऐकलं. बशी खाली ठेवली. "येडी," एवढंच म्हणाला.

देवपुरातल्या बाहेरच्या खोलीत, दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर आणि मधल्या कोनाड्यात तो काळा डबा, असा संसार लागला. स्टोव्हची जागा प्रमिलाबाईने दुसऱ्याच दिवशी बदलली. ताटाच्या डाव्या बाजूला आता ती बसायची, आणि साठलेलं सगळं सांगायची: सुंदरबाईच्या सुनेचं, लताच्या सासरचं, नळाच्या पाण्याचं. सुकदेव ऐकायचा आणि योग्य ठिकाणी हुंकार द्यायचा. इतकं बोलणं त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातही झालं नव्हतं.

संध्याकाळी कॅसेट लागायची. एकदा भजन चालू असताना ती नकळत सोबत म्हणू लागली. सुकदेव उठला आणि त्याने बटण अगदी तळाशी आणलं. खोक्यांतलं गाणं जवळजवळ विझलं.

"का कमी कयं?" तिने विचारलं. "तुमले ऐकू येस नही का?"

"येस. तू म्हन."

ती लाजली. म्हातारपणी हे काय, म्हणाली. पण गाणं म्हणाली, सबंध. त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या बऱ्याच संध्याकाळी तसंच होत राहिलं. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, माहेरच्या विहिरीवरची गाणी तिला एकेक आठवत गेली, आणि दुकानातून इतक्या जपून आणलेला अँप्लिफायर पुष्कळदा नुसता लाल ठिपका पेटवून गप्प बसायचा.

डॉक्टरांनी सांगितलं तसं झालं. डावा कान हळूहळू उतरत गेला. आधी पाखरं गेली, मग सायकलची घंटी, मग लताच्या मुलांचे आवाज. शेवटी शेवटी प्रमिलाबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायची, तेवढंच पोचायचं. एका पावसाळ्यात तेही थांबलं. कानाला लावायचं यंत्र आणलं, पण त्याने नुसता खरखराट होतो म्हणून सुकदेवने ते कपाटात ठेवून दिलं.

अँप्लिफायर विकू या, असं लता एकदा म्हणाली. सुकदेवने हातानेच नको म्हटलं.

संध्याकाळी तोच डेकपाशी जायचा, कॅसेट लावायचा आणि समोरच्या स्टुलावर बसायचा. प्रमिलाबाई खाटेवर, एक पाय खाली सोडून. गाणं सुरू झालं की तिच्या पायाचा अंगठा फरशीवर ताल धरायचा. सुकदेवची नजर त्या अंगठ्यावर. सुरुवातीला तो दोन गाण्यांच्या मधेच उठायचा आणि ती हाताने त्याला बसवायची. पुढे त्याला उमजलं. अंगठा थोडा वेळ थांबला तर दुसरं गाणं यायचं आहे. बराच वेळ थांबला तर बाजू संपली. तसा अंगठा थांबला की सुकदेव उठायचा, कॅसेट काढून उलटायचा, पुन्हा लावायचा, आणि डेकवर हात ठेवून, मान वळवून, अंगठा हलायला लागेपर्यंत तिथेच उभा राहायचा.