किल्ली दुर्गाबाईंकडे

वऱ्हाडातल्या जुन्या इमारतींपायी देवश्रीबाईंनी उभा जन्म घातला. कमानींवर प्रबंध लिहिला, अमरावतीच्या कॉलेजात शिकवलं. पण लोक त्यांना ओळखतात ते प्रवाशांसाठी काढलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे. दर आवृत्तीआधी त्या प्रत्येक ठिकाणी स्वतः जातात. ऐकीव माहितीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. अकोल्याच्या एका हवेलीवाल्यानं पाहुण्यांना फाटकातूनच वाटेला लावलं, तेव्हा बाईंनी हवेलीच पुस्तकातून काढली. मालकानं फोनवर आकाशपाताळ एक केलं. बाई ढिम्म.

या वेळी वलगावपलीकडच्या एका गावातली बारव तपासायची होती. पायऱ्यांची दगडी विहीर, तोंडाशी लोखंडी दार. पहिल्या आवृत्तीपासून नोंदीखाली एक ओळ होती : ‘किल्ली शेजारच्या दुर्गाबाईंकडे मिळेल.’

निघायच्या आदल्या दिवशी दुर्गाबाईंच्या मुलाचा, अमोलचा फोन आला.

“मॅडम, आई ऐंशीची झाली. अकोल्याले आमच्याकडं चल म्हटलं की तुमचं पुस्तक दाखवते. माह्यं नाव छापलं हाय, लोकाईले किल्ली कोन देईन, म्हन्ते. तेवढं नाव काढून टाका न.”

बाई पोचल्या आणि पाहतात तर दारच नव्हतं. भिंतीत नुसत्या गंजक्या बिजागऱ्या उरलेल्या. म्हणजे ओळ खोटी. बाईंनी पेन्सिल काढली. अमोलचं काम आपसूक झालं, म्हणून त्यांना बरंच वाटलं.

शेजारच्या ओट्यावर दुर्गाबाई बसल्या होत्या. किल्ली पदराच्या गाठीत.

“काकू, दार कधी गेलं?”

“मांगं तुमी येऊन गेल्या न, त्याच्यानंतर लगेच. चोरायनं नेलं.”

“मग ही किल्ली कशाला?”

“पुस्तक वाचून येनाऱ्याईले थोडीच माईत हाय दार नाई म्हून? मले आवाज देतात. बसतात, चहा पेतात, कुठचे कोन ते सांगतात. मंग मी म्हन्तो, जा बाप्पा, उघडंच हाय.” त्या हसल्या, मग बाईंच्या पेन्सिलीकडे पाहून थांबल्या. “तुमी नाव काढलं तं आवाज कोन देईन? मंग अमोलचंच खरं. इथं बसून तरी काय करू?”

बाईंना गलबलून आलं, आणि त्यापायी स्वतःचाच रागही आला.

“काकू, खोटं मी छापत नाही.”

दुर्गाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. त्या बारवेत उतरून आल्या. खालच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या होत्या. कुणी पडलं तर वर कळायचंही नाही. ओट्यावर बसून त्यांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि वाचून दाखवली :

“‘दार नाही. खालच्या पायऱ्या निसरड्या आहेत. उतरण्याआधी शेजारच्या दुर्गाबाईंना हाक मारावी.’”

दुर्गाबाईंनी किल्ली पुन्हा पदरात बांधली.

“आता अमोलले तुमीच सांगा,” त्या म्हणाल्या. “अन् हाक जोरानं मारा, असंबी लिहा. मले आताशा कमी आयकू येते.”