पट्टी बांधलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. खरे सांगायचे तर कंदिलाचा नुसता सांगाडा, कारण माझे कागद दर वर्षी बदलतात आणि वर्षातले अकरा महिने मी इंदूरच्या एका घरात माळ्यावर उघडाच बसलेला असतो. स्वभावाने मी घाबरट. शेजारून उंदीर गेला तरी माझा जीव खालीवर होतो.

मला या घरातल्या धोंडिबांनी घडवले. ते तेव्हा महूच्या लष्करी दवाखान्यात जखमांना पट्ट्या बांधायचे काम करीत. एका सुट्टीत त्यांनी देपालपूरच्या बाजारातून बांबू आणला, चिरला, कामट्या तासल्या आणि मला आकार दिला. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला मी खाली उतरतो आणि पंचशील ध्वजाचे रंग अंगावर चढवतो: निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. "धोंडिबाजी, यंदा भी नंबर एक!" असे गल्लीतले कुणी म्हटले की मी फुगून जात असे.

धोंडिबांची एक सवय होती. कागद चिकटवण्याआधी ते माझी प्रत्येक कामटी अंगठ्याने दाबत आणि कान लावून ऐकत. करकरली तर बदलत. मगच मैद्याची खळ शिजवायला घेत. त्या अंगठ्याखाली मला निर्धास्त वाटे.

पण दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात कापू लागले. गेल्या साली खळीचे भांडे त्यांच्या हातून नव्या चादरीवर सांडले. कुणी एका शब्दाने बोलले नाही, तरी त्या दिवसापासून ते हात मांडीखाली दाबून बसतात. चहाचा कपसुद्धा कुणी बघत नसेल तेव्हाच उचलतात.

यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांची नात संबोधी हिने मला खाली काढले. बारा वर्षांची, हुशार, पण भारी घाईची. माळ्यावरच्या उकाड्याने माझी एक कामटी गाठीजवळ तडकली होती. केसाएवढी चीर, मला ठाऊक होती, तिला नव्हती. कागद लावायला ती आजोबांना बघून शिकली होती, पण कामट्या ऐकायला तिला कुणी शिकवले नव्हते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "अगं, एकदा दाबून तर बघ!" पण सांगाड्याचे कोण ऐकतो?

कागद सुरेख लागले. शेवटी त्यांच्यावर पाणी शिंपडायचे असते, म्हणजे वाळताना ते आवळून ताठ बसतात. धोंडिबा बोटांनी चार थेंब उडवीत. संबोधीने इस्त्रीची फवारणीची बाटली आणली आणि मला चहूकडून भिजवले.

"बेटा, आराम से," धोंडिबा खुर्चीतून म्हणाले. "इतकं पाणी नको मारू."

"आजोबा, पंख्याखाली ठेवते ना. फटाफट सुखेल."

कागद आवळू लागले तशी चीर सरकू लागली. मी अंग चोरून बसलो होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास कट् असा आवाज झाला. कामटी मोडली, पांढरा कागद फाटला आणि मी एका बाजूने खाली बसलो.

संबोधी रडू लागली. तिची आई सुनीता नुकतीच ऑफिसातून आली होती. तिने मला उचलून पाहिले.

"जाऊ दे ना, पुराना झाला होता तो. मी कृष्णपुऱ्याच्या बाजारातून रेडिमेड आणते. हा उद्या सकाळी गाडीत देऊन टाकू." मग ती थांबली. "कागद गीला आहे, पण जाईल तर सूख्या कचऱ्यातच ना?"

आमच्या इंदुरात कचऱ्याच्या बाबतीत कुणी चूक करीत नाही. मला सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्याला टेकवून ठेवले. सकाळी गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी येणार होती. मी धोंडिबांकडे बघितले. त्यांचे हात मांडीखालीच होते. मला वाटले, संपले सगळे.

"संबोधी," ते एकदम म्हणाले, "त्याला इकडे आण. और मेरी पट्टी वाली डब्बी भी."

"पण आजोबा, तुमचे हात..."

"हिलते हैं तो हिलने दे. धरायला तू आहेस ना? मोडलेलं हाड आहे असं समज. दोन्ही टोकं जुळव आणि हलू नको."

तिने टोके जुळवली. त्यांनी वर आइस्क्रीमची चपटी काडी ठेवली आणि पट्टीचा वेढा घातला. तो सुटला. दुसराही सुटला. सुनीता बाजारची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिसरा वेढा बसला. धोंडिबांनी गाठ मारली तेव्हा सुनीताने पिशवी खुंटीला अडकवली.

"आता सगळ्या कामट्या दाबून ऐक," ते नातीला म्हणाले.

तिने कान लावून एकेक कामटी ऐकली.

"काय ऐकू आलं?"

"कुछ नहीं, आजोबा."

"बस. तेच ऐकायचं असतं."

पौर्णिमेला मी दारात लागलो. दिवा पेटल्यावर नव्या पांढऱ्या कागदातून पट्टीची सावली दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण संबोधी येणाऱ्याजाणाऱ्याला बोट करून तीच दाखवीत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू मोडायची वाट बघू नका. वर्षातून एकदा त्यांना हात लावा, कान लावा. आणि घरात कापणारे हात असतील तर त्यांच्याकडचे काम काढून घेऊ नका. धरायला तुम्ही आहातच.

मी परत माळ्यावर आलो आहे. भीती काही गेलेली नाही, उंदीरही आहेच. पण इथून मला धोंडिबांची खुर्ची दिसते. त्यांचे हात कापतात अजून, मात्र आता ते मांडीवर असतात.