डाव्या मांडीतला आवाज

धातू शोधणारी आमची दोन जुनी डिटेक्टर विकून गेल्या जूनमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, आम्ही एकच नवं घेतलं. माझ्या नवऱ्याला, नेव्हिलला, ते मनापासून पटलं नव्हतं. "दोघांत एक मशीन म्हणजे दोघांनी एका ब्रशने दात घासण्यासारखं आहे," तो दुकानातच म्हणाला. पण त्याचे गुडघे गेलेत आणि माझा खांदा बरा आहे, म्हणून असं ठरलं की मी मशीन फिरवायचं, आवाज ऐकायचा आणि त्याने टिकावाने खणायचं.

डनॉली गावाच्या आसपासच्या जंगलात आम्ही बावीस वर्षं सोनं शोधतोय. डोक्याएवढ्या गोट्यांची स्वप्नं केव्हाच सोडली. आमचं सोनं तांदळाच्या दाण्याएवढं, फार तर हरभऱ्याएवढं. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या जवळ उभं राहून काम मात्र कधी केलं नव्हतं. दोन मशीनं जवळ आली की एकमेकांवर किंचाळतात. त्यामुळे तो ओहोळाच्या पलीकडे, मी अलीकडे, आणि जेवायला गाडीपाशी भेटायचं, तेही मशीनं बंद करून.

त्या मंगळवारी गवतावर गोठलेलं दव विरघळल्यावर आम्ही एका उतारावर सुरुवात केली. पिवळी माती, मधूनमधून गारगोटीचे तुकडे, जुन्या खाणकऱ्यांनी खरवडलेली जमीन. वीसेक मिनिटांत एका झाडाच्या मुळाशी बारीक पण स्वच्छ आवाज आला. मी हेडफोन काढून स्पीकर लावला आणि नेव्हिलला हाक मारली. तो टिकाव घेऊन शेजारी येऊन उभा राहिला, आणि मशीन एकदम बोंबलायला लागलं.

"नेव्ह, मागे हो. खिशात काय आहे?"

"प्रेम."

"चाव्या?"

"गाडीत. मोबाईलही गाडीत. मी काय आज आलोय का या कामात?"

टिकाव त्याने दहा पावलं लांब नेऊन ठेवला. बूट धातू नसलेले, पट्टा कापडी. तरी तो जवळ आला की आवाज, लांब गेला की शांत.

"पँटची चेन असेल," मी म्हटलं. "काढ."

"ग्लेनिस, सहा डिग्री आहे बाहेर."

"काढ म्हणते ना."

"चाळीस वर्षांपूर्वी असं म्हणाली असतीस तर..."

"तेव्हाही म्हटलं होतं. काढ आता."

तो लोकरीच्या लांब आतल्या विजारीवर, हात काखेत घालून, झाडांमध्ये उभा राहिला. मला हसू आवरेना. मी मशीनची तबकडी त्याच्या उजव्या पायावरून फिरवली. गप्प. डावा गुडघा, गप्प. तबकडी मांडीवर आली आणि आवाज आला. जरा वर, पुन्हा. कमरेच्या हाडाखाली, पुन्हा. लहान, तुटक, एकाला लागून एक.

"तुझ्यात सोनं आहे रे," मी म्हटलं. "मी उगाच बावीस वर्षं जंगलात खणत बसले."

तो हसला नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय ऐकतेय. सोनं असं वीतभर जागेत गर्दी करून बसत नाही. गर्दी करून बसतात ते छर्रे. दीडशे वर्षं लोकांनी या जंगलात ससे आणि बदकं मारली आहेत. सोन्याच्या एका कणामागे शिशाचे पन्नास छर्रे मी उकरून काढलेत, घरी बरणी भरलीय. मी पुन्हा तबकडी फिरवली, सावकाश. अकरा जागी आवाज आला.

"बंद कर ते," नेव्हिल म्हणाला.

त्या मांडीवर फिकट बारीक खळगे आहेत, हे मला चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तो म्हणाला होता, लहानपणी ट्रॅक्टरवरून काटेरी तारेच्या भेंडोळ्यावर पडलो. आमची ब्रॉनविन लहान असताना कुंपणावर चढायची, तेव्हा मी तिला हीच गोष्ट सांगून खाली उतरवायचे. गेल्या वर्षी बेंडिगोच्या डॉक्टरने गुडघ्याचा एमआरआय करू म्हटलं, तर हा हटूनच बसला, म्हणे बंद नळीत जीव घाबरतो. मी त्याला भित्रा म्हटलं होतं.

"तार अंगात राहत नाही, नेव्ह."

"नाही."

"हे छर्रे आहेत."

"हो."

"कोणाच्या बंदुकीतले?"

त्याने पँट उचलली. एक पाय आत घातला, तोल सावरायला झाडाला धरलं, आणि झाडाकडे बघतच म्हणाला, "बाबांच्या."

मला वाटलं, शिकारीला गेले असतील, चुकून लागलं असेल. मी तसं विचारलंही. त्याने मान हलवली, नाही.

त्याचे वडील, क्लॅरी, शेवटची नऊ वर्षं आमच्या घरी होते. डावी बाजू लुळी पडली होती. त्यांना चमच्याने भरवलं मी. कूस बदलणं, आंघोळ, चादरी, सगळं मी. माझा हात धरून 'गुणाची पोर' म्हणायचे. ते गेले तेव्हा चर्चमध्ये त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला मीच उभी राहिले होते, आणि माझ्या तोंडून हुंदका फुटला होता.

नेव्हिलने सगळं पाचसहा वाक्यांत सांगितलं. तो सतरा वर्षांचा होता. डोनाल्ड गावाजवळचं त्यांचं शेत. रविवारच्या जेवणात बटाटे कच्चे राहिले होते. आई घरातून निघाली आणि गाडीच्या दिशेने पळाली. बाबा व्हरांड्यात बंदूक घेऊन आले. नेव्हिल मेंढ्यांच्या गोठ्यापाशी होता, तो धावत मध्ये गेला. बंदुकीपासून लांब होता म्हणून जगला. डॉक्टरकडे नेलं नाही, नेलं असतं तर पोलीस आले असते. आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिमट्याने निघतील तेवढे छर्रे काढले. तारेची गोष्ट तिनेच रचली.

"आणि मग?"

"मग काय. त्यांनी बंदूक विकली, दारू सोडली. पुन्हा तिच्यावर हात उचलला नाही. आई म्हणायची, माणूस बदलला, आता उकरू नकोस."

त्याची आई फ्लोरा आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी कॅन्सरने गेली. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय.

हातातलं मशीन मी खाली ठेवलं.

"आणि त्याला तू माझ्या घरात आणलंस," मी म्हटलं. "नऊ वर्षं मी त्याचं ढुंगण पुसलं, नेव्ह. तू दारात उभा राहून बघायचास."

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू घरात घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं!"

"मग त्यांचं सगळं मला करावं लागलं असतं." तो खाली बसला. "मला त्यांना हात लावता येत नव्हता, ग्लेनिस. आणि टाकूनही देता येत नव्हतं."

तेव्हा मला आठवलं. नऊ वर्षांत त्याने एकदाही चमचा हातात घेतला नव्हता. उशी सरळ केली नव्हती. मी मैत्रिणींना सांगायचे, पुरुषांना किळस येते, काय करणार. आणि मी केलं. त्याच्या वाटचं मी केलं, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

मी वळून चालू लागले. कुठे ते ठरवलं नव्हतं. ओहोळ ओलांडून वर गेले आणि एका पडलेल्या खोडावर बसले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मागून त्याची पावलं आली. त्याने तो पहिला आवाज एकट्याने खणला होता. तळहातावर मातीने माखलेला खडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. इतका मोठा आम्हाला बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

"सोनं निघालं," तो म्हणाला.

"खिशात टाक. मला दाखवू नकोस."

परतताना गाडी मी चालवली.

शनिवारी ब्रॉनविन आली. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांना काही सांगायचंय. त्याने सांगितलं, स्वयंपाकघरात, चहाच्या कपाकडे बघत. ती आधी म्हणाली, "खोटं." मग वडिलांच्या मांडीकडे बघत राहिली, जणू पँटमधून दिसणार होतं. मग माझ्यावर उखडली.

"आजोबांनी मला शिट्टी वाजवायला शिकवलं, आई. सायकल शिकवली. त्यांचं आता मी काय करू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती चहा न पिता गेली. रात्री फोन करून तिने वडिलांना एवढंच विचारलं, की ते दुखतं का. तो म्हणाला, थंडीत.

मी तीन आठवडे दुसऱ्या खोलीत झोपले. राग त्याच्या बापावर होता की त्याच्यावर, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "मी चुकलो." मी म्हटलं, "हो." त्या दिवसापासून भांडी तो घासू लागला.

जुलैच्या शेवटी मीच म्हटलं, "मला तुझ्या आईकडे ने." तो डोनाल्डच्या दफनभूमीत दर वर्षी एकटाच जायचा. वडिलांना पुरलं तेव्हा मी तिथे होते, पण त्या दिवशी मी त्यांच्यासाठी रडत होते, शेजारी कोण आहे याकडे पाहिलंही नव्हतं. दोघांना एकच दगड. वर फ्लोरा, खाली क्लॅरीचं पूर्ण नाव, क्लॅरेन्स, आणि त्याखाली 'फ्लोराचा प्रेमळ पती'.

ते शब्द मी निवडले होते. नेव्हिलने विचारलं होतं काय लिहू, आणि मी कागदावर लिहून दिलं होतं.

"तू हे कोरू दिलंस," मी म्हटलं.

"तू लिहिलं होतंस. मला नाही म्हणता आलं नाही."

मग त्याने हात पुढे केला, धरायला नाही, त्या ओळीवर ठेवायला. "पुसता येतं का, विचारू," तो म्हणाला.

मी दगड घडवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, घासून काढता येईल, पण तेवढा भाग खोलगट दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. तो आला तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. यंत्र चालू झालं, पांढरी धूळ उडाली, नेव्हिलने डोळ्यांवर हात धरला. अर्ध्या तासात ओळ गेली. फ्लोराच्या नावावर बसलेली धूळ मी माझ्या मफलरने पुसली, आणि दगड धुवायला त्याने पाण्याची बादली भरून आणली.